आलेख, परस्परसंवादी : वेबपृष्ठांतील अंतःस्थापन

आकडेवारीचे विश्लेषण करणाऱ्या प्रणालीत तयार केलेला आलेख, त्याची निवड, गाळणी, तपशीलदर्शन इ. साधनांसह, दुसऱ्या एखाद्या वेबपृष्ठाच्या चौकटीत बसविणे यास आलेखाचे अंतःस्थापन असे म्हणतात. छापील आलेख हा काढणाऱ्याने एकदा ठरविलेल्या प्रश्नाचे उत्तर असतो. परस्परसंवादी आलेखात प्रश्न काही प्रमाणात वाचक ठरवितो : तो कालखंड बदलतो, ठिकाण निवडतो, रेषेवरील बिंदूवर बोट ठेवून नेमका आकडा पाहतो. असे आलेख तयार करणाऱ्या आज्ञावलींना ‘बिझिनेस इंटेलिजन्स’ प्रणाली हे नाव उद्योगव्यवहारातून मिळाले. तथापि जलसंपदा, आरोग्य, शेती, शिक्षण अशा सार्वजनिक क्षेत्रांतही त्यांचा वापर होतो.

इतिहास : रेषालेख व स्तंभालेख यांचा आर्थिक आकडेवारीसाठी पद्धतशीर वापर स्कॉटिश लेखक विल्यम प्लेफेअर (१७५९–१८२३) यांनी १७८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केला. ‘बिझिनेस इंटेलिजन्स सिस्टिम’ ही संज्ञा आयबीएम कंपनीतील हान्स पेटर लून यांनी १९५८ मधील एका लेखात वापरली होती. १९८९ नंतर हॉवर्ड ड्रेसनर यांच्यामुळे ती निर्णयसाहाय्यक प्रणालींसाठी रूढ झाली. एका वेबपृष्ठात दुसरे पृष्ठ बसविणारी ‘आयफ्रेम’ ही चौकट एचटीएमएलच्या १९९७ च्या प्रमाण आवृत्तीत आली, तर आकृत्या रेषा-बिंदूंच्या रूपात वर्णन करणारे ‘एसव्हीजी’ हे प्रमाण २००१ मध्ये मान्य झाले. टॅब्लो (स्थापना २००३), पॉवर बीआय (२०१५ पासून सर्वांस उपलब्ध) आणि एअरबीएनबी कंपनीत २०१५ मध्ये सुरू झालेली, पुढे अपाची संस्थेकडे आलेली सुपरसेट ही मुक्त प्रणाली या या क्षेत्रातील परिचित प्रणाली होत.

विदा व तिची रचना : अंतःस्थापनाचे स्वरूप समजण्यासाठी कृष्णा नदीच्या सातारा व सांगली जिल्ह्यांतील पात्राचे उदाहरण सोयीचे आहे. महाबळेश्वर येथे उगम पावणाऱ्या कृष्णेस कराड येथे कोयना मिळते व सांगलीच्या खाली हरिपूरजवळ वारणा मिळते. कोयना जलाशयाची साठवणक्षमता १०५.२५ अब्ज घनफूट (टीएमसी), म्हणजे सुमारे २९८ कोटी घ. मी. आहे. सांगलीत १९२९ मध्ये बांधून झालेल्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी हे शहरातील पुराचे सर्वपरिचित माप असून तेथे ४० फूट ही इशारा पातळी व ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. ऑगस्ट २०१९ मधील महापुरात ही पातळी सुमारे ५७ फुटांपर्यंत गेली. त्याच पुरात ८ ऑगस्ट रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना बाहेर काढणारी बोट उलटून अनेकांचे प्राण गेले. घर केव्हा सोडावयाचे, जनावरे केव्हा हलवावयाची हे निर्णय नदीकाठचा माणूस अशा आकड्यांवरून घेतो. म्हणून ते कसे दाखविले जातात हा केवळ सजावटीचा प्रश्न नाही.

अशा आलेखासाठी विदा सामान्यतः दोन प्रकारच्या सारण्यांत ठेवतात. एकीत प्रत्येक नोंद असते : ठिकाण, वेळ, पातळी, पाऊस वा विसर्ग. दुसरीत ठिकाणाचे स्थिर गुणधर्म असतात : नदी, तालुका, इशारा पातळी, धोका पातळी. ठिकाणाच्या संकेतांकाने दोन्ही सारण्या जोडल्या, की ‘धोका पातळीच्या वर असलेली ठिकाणे’ यासारखा प्रश्न एका गाळणीने सुटतो. येथे परिमाणांकडे लक्ष द्यावे लागते. साठा टीएमसीमध्ये, विसर्ग क्युसेकमध्ये व पातळी फुटांत सांगण्याची रीत आहे. साठा हे परिमाण असून विसर्ग हा दर आहे. ११,५७४ क्युसेक विसर्ग २४ तास चालू राहिल्यास एक टीएमसी पाणी वाहून जाते. बेरीज साठ्यांची करता येते, पातळ्यांची नाही. पातळी हे मूल्य बेरजेसाठी नाही, असे प्रणालीस आगाऊ सांगितले नाही, तर अनेक प्रणाली अंकांची आपोआप बेरीज करतात आणि सहा नोंदींची एकत्रित, निरर्थक ‘पातळी’ दाखवितात.

अंतःस्थापनाची कार्यपद्धती : आलेख प्रणालीच्या सेवासंगणकावर प्रसिद्ध केला, की त्यास स्वतंत्र पत्ता मिळतो. यजमान वेबपृष्ठात त्या पत्त्याची आयफ्रेम चौकट लिहितात. वाचकाने पृष्ठ उघडल्यावर त्याचा ब्राउझर प्रथम यजमान पृष्ठ आणतो व नंतर चौकटीसाठी आलेखाच्या सेवासंगणकाकडे वेगळी मागणी पाठवितो. दोन्ही पृष्ठे एकाच पडद्यावर दिसत असली, तरी ब्राउझरच्या दृष्टीने ती वेगळ्या घरांची असतात. त्यांचे उगमस्थान भिन्न असल्यास एकास दुसऱ्याच्या आतील मजकूर वाचता येत नाही. हे बंधन सुरक्षेसाठी आहे. चौकटीचा परवाना आलेखाच्या घराकडून मिळावा लागतो. कोणकोणत्या स्थळांनी आपले पृष्ठ चौकटीत बसवावे, याची यादी सेवासंगणक उत्तराबरोबर पाठवितो व ब्राउझर ती पाळतो.

दुसऱ्या पद्धतीत प्रणालीचे जावास्क्रिप्ट साहाय्यक ग्रंथालय वापरतात. त्यामुळे यजमान पृष्ठ व आलेख यांच्यात ठराविक संदेशांची देवाणघेवाण होते. उदा., मिरज तालुक्याच्या पृष्ठावर आलेख उघडताना त्या तालुक्याची गाळणी आधीच लागलेली असते. नकाशावरील ठिकाण निवडल्यास शेजारचा रेषालेख बदलतो. पहिली पद्धत सोपी, तर दुसरी अधिक लवचिक आहे. परंतु दुसरीस आज्ञावलीकाराची व देखभालीची गरज लागते.

प्रवेशाधिकार : अंतःस्थापित आलेख तीन प्रकारे खुला करतात. (१) सार्वजनिक : पत्ता ज्यास ठाऊक आहे तो प्रत्येक जण आलेख पाहू शकतो. (२) ओळखपूर्वक : वाचकास प्रणालीत नाव नोंदवून प्रवेश करावा लागतो, मात्र परक्या स्थळाच्या कुकीज अडविणाऱ्या ब्राउझरांत चौकटीतील असा प्रवेश अयशस्वी होतो. (३) स्वाक्षरीयुक्त परवाना : यजमानाचा सेवासंगणक वाचकाची ओळख पटवून अल्पकाळ टिकणारा, सांकेतिक स्वाक्षरीचा परवाना देतो व त्यात वाचकास कोणत्या ओळी दिसाव्यात हेही नमूद असते. गुप्त किल्ली सेवासंगणकावरच राहिली पाहिजे. ती पृष्ठात लिहिली, तर कोणासही परवाना तयार करता येतो.

गाळणी लावून लपविलेली विदा सुरक्षित असते, हा समज चुकीचा आहे. गाळणी वाचक बदलू शकतो. ओळींवरील निर्बंध मात्र सेवासंगणकावर पाळला जातो. नदीची पातळी सार्वजनिक असावी हे योग्यच. परंतु स्थलांतरित कुटुंबांची यादी किंवा पीकनुकसानीच्या अर्जदारांचे बँक तपशील त्याच अहवालात ठेवून वर केवळ एकत्रित स्तंभ दाखविणे धोक्याचे असते. सार्वजनिक आलेखासाठी आधीच बेरीज केलेली, व्यक्तिगत तपशील काढून टाकलेली स्वतंत्र सारणी तयार करणे हा निर्धोक मार्ग होय. वैयक्तिक विदेच्या संरक्षणासाठी भारतात २०२३ मध्ये स्वतंत्र अधिनियम झाला आहे.

विदेचा ताजेपणा : अंतःस्थापित आलेख ‘जिवंत’ आहे असे वाचक गृहीत धरतो. प्रत्यक्षात मापनयंत्र, विदासंग्रह, प्रणालीतील प्रत व ब्राउझरमधील प्रत अशा अनेक टप्प्यांवर विलंब होतो. विदेची प्रत प्रणालीत आयात करण्याच्या पद्धतीत ती ठराविक वेळीच नवी होते. पॉवर बीआयच्या प्रो परवान्यात नियोजित नूतनीकरण दिवसाला जास्तीत जास्त आठ वेळा करता येते. त्याच प्रणालीच्या सार्वजनिक प्रकाशनात आणलेली विदा साधारण एक तास साठवून ठेवली जाते. आठ नूतनीकरणे समान अंतराने केली, तर दोहोंत तीन तासांचे अंतर पडते. नदी ताशी अर्धा फूट चढत असल्यास पडद्यावरील आकडा नूतनीकरणापूर्वी दीड फूट मागे असेल. ४३.५ फूट वाचून निर्धास्त राहिलेल्याच्या दारात त्या वेळी धोका पातळी आलेली असते. विदासंग्रहास प्रत्येक वेळी थेट प्रश्न विचारण्याच्या पद्धतीने हे अंतर कमी होते. परंतु हजारो वाचक एकाच वेळी आल्यास संग्रहावर ताण येतो, आणि असे वाचक पुराच्याच दिवशी येतात. काही मिनिटांची सामाईक प्रत ठेवणे हा यावरील व्यवहार्य मध्यम मार्ग आहे.

याहून घातक दोष म्हणजे न आलेली नोंद. वीज वा दूरसंचार खंडित झाल्याने मापन थांबले व आलेखाने शेवटचा आकडाच पुढे ओढला, तर सपाट रेषा दिसते आणि नदी स्थिरावली असा अर्थ वाचक घेतो. रिकाम्या जागी शून्य धरले, तर पूर ओसरल्याचा भास होतो. पुरातच यंत्रणा बंद पडण्याचा संभव अधिक असल्याने नेमक्या संकटकाळात आलेख दिलासा देऊ लागतो. म्हणून नोंद नसलेल्या काळात रेषा तुटलेली दाखवावी, शेवटच्या प्रत्यक्ष नोंदीची वेळ ठळक लिहावी व ठरावीक काळ लोटल्यास ‘नोंद जुनी आहे’ अशी सूचना आपोआप यावी. पृष्ठ उघडल्याची वेळ व पाणी मोजल्याची वेळ या भिन्न गोष्टी होत.

वेळेच्या नोंदीतही घोटाळा संभवतो. पुष्कळ सेवासंगणक जागतिक प्रमाणवेळ पाळतात. भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. रूपांतर न केल्यास ‘आज’ ही गाळणी पहाटे ५·३० पर्यंत कालचीच विदा दाखविते. शिवाय पावसाची २४ तासांची नोंद रूढीने सकाळी ८·३० ला संपते. ती मध्यरात्रीपासूनच्या जलपातळीशेजारी ठेवताना हा फरक सांगावा लागतो.

मांडणी व सुगमता : अक्ष आपोआप बदलू दिल्यास दोन इंचांची चढउतार डोंगराएवढी दिसते. पातळीच्या आलेखात अक्ष निश्चित ठेवून इशारा व धोका पातळीच्या आडव्या रेषा नावांसह काढाव्यात. केवळ लाल-हिरव्या रंगांवर भिस्त ठेवल्यास रंगांध व्यक्तीस भेद कळत नाही. लक्ष, कोटी यांनुसार स्वल्पविराम व देवनागरी अंक यांसाठी प्रणालीत मराठी-भारत ही स्थानिक रीत निवडावी लागते. दृष्टिहीनांसाठी चौकटीस वर्णनात्मक नाव आणि आलेखाखाली तीच विदा सारणीरूपात असावी. संपूर्ण परस्परसंवादी आलेख आणण्यास अनेक संचिका लागतात. क्षीण जोडणी असलेल्या फोनवर त्या येईपर्यंत चौकट कोरी राहते. यासाठी ताजी पातळी, वेळ व धोका पातळीपासूनचे अंतर ही माहिती यजमान पृष्ठावर साध्या अक्षरांत आधी द्यावी व आलेख तिच्याखाली बसवावा.

मर्यादा : आलेख संबंध दाखवितो, कारण सिद्ध करीत नाही. कर्नाटकातील अलमट्टी जलाशयाची पातळी व सांगलीतील पूर यांचा संबंध हा दीर्घकाळ चाललेला सार्वजनिक वाद आहे. या दोन रेषा एकाच चौकटीत एकत्र चढलेल्या दिसल्या, तरी दोहोंमागे पाणलोटातील एकच अतिवृष्टी असू शकते. कार्यकारणाचा निर्णय पात्राचा उतार, उपनद्यांचे विसर्ग, पुलांचे व अतिक्रमणांचे अडथळे यांच्या जलशास्त्रीय गणितानेच होतो. तसेच धरणातून सोडलेले पाणी शहरापर्यंत पोहोचण्यास काही तास लागतात. त्यामुळे एकाच क्षणाचे विसर्ग व पातळी यांची तुलना दिशाभूल करते.

या मर्यादा सांभाळल्यास अंतःस्थापित आलेखाचे मूल्य मोठे आहे. एकच विदा जिल्हा कार्यालय, वृत्तपत्र व ग्रामपंचायत यांच्या पृष्ठांवर एकाच रूपात दिसते व प्रत्येकाने आकडे हाताने उतरविताना होणाऱ्या चुका टळतात. कृष्णा व भीमा खोऱ्यांत पाऊस व जलपातळी स्वयंचलित उपकरणांनी मोजण्याची यंत्रणा राज्याच्या जलसंपदा विभागाने उभारली आहे. केंद्रीय जल आयोगही पूर-पूर्वानुमान आलेखरूपाने प्रसिद्ध करतो. अशा नोंदी गावाच्या पृष्ठापर्यंत पोहोचविण्याचे साधन म्हणून अंतःस्थापन उपयुक्त ठरते. मात्र ते अधिकृत इशारा, दवंडी व प्रत्यक्ष पूररेषेवरील निरीक्षण यांस पूरक असते, पर्यायी नव्हे.