गार हवा गेली कुठे?

गेल्या मे महिन्यात दादाच्या गाडीतून आम्ही सोलापूरला गेलो. ऊन नुसतं रणरणत होतं. काचा बंद, एसी चालू आणि तरी आम्ही सगळे घामाघूम! गंमत म्हणजे महिन्यापूर्वीच एका गॅरेजवाल्याने 'गॅस संपलाय' म्हणून पैसे घेऊन गॅस भरून दिला होता.

पण गॅस संपतो म्हणजे काय? पेट्रोल जळतं, म्हणून संपतं. एसीतला गॅस जळत नाही, बरं का. तो बंद नळ्यांतून गोल गोल फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तेव्हा तो तापतो. गाडीच्या तोंडाशी असलेल्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, तो उष्णता बाहेर टाकतो आणि द्रव होतो. मग डॅशबोर्डमागच्या दुसऱ्या जाळीत त्याची पुन्हा वाफ होते आणि ती आतल्या हवेतली उष्णता शोषून घेते. हातावर स्पिरिट लावलं की गार वाटतं ना, तसंच! वर्षानुवर्षांत रबरी जोडांतून थोडा गॅस झिरपतो, ते वेगळं. महिन्याभरात गेला, तर कुठेतरी भोक आहे हे नक्की.

सोलापुरात एक वयस्कर मिस्त्री भेटले. त्यांनी आधी पाना उचललाच नाही; डॉक्टरांसारखे प्रश्न विचारले. "वारा जोरात येतो की मंद?" मंद असेल तर बहुधा फिल्टर धुळीने भरलेला असतो, नाहीतर आतला पंखा दमलेला. "गाडी पळताना गार आणि सिग्नलला गरम, असं होतं का?" तसं असेल तर कंडेन्सरचा पंखा तपासायचा. आमच्याकडे वारा भरपूर, पण कोमट!

मग त्यांनी माझ्या भाचीला एसीचं बटण दाबायला सांगितलं आणि कान दिला. 'टक्' झालं, कॉम्प्रेसर सुरू झाला, लगेच थांबला, पुन्हा 'टक्'. "बाई, दाब कमी दिसतोय," ते म्हणाले. गेज लावलं, तर तेच निघालं. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं, म्हणून गळतीपाशी तेलकट डाग पडतो. तो सापडला कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात. तिथे साबणाचा फेस लावताच बुडबुडे! रस्त्यावरचा खडा उडून लागला असावा.

म्हणजे आमचे पैसे तर गेलेच, गॅसही आकाशात गेला. आमच्या गाडीत आर-१३४ए हा गॅस आहे. शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याचा एक किलो पृथ्वीला सुमारे १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतका तापवतो! त्याच्या आधीचा आर-१२ तर ओझोनच्या थराला खात होता. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो हद्दपार झाला. भोक न शोधता नुसता गॅस भरणाऱ्यांचा मला राग येतो तो यासाठी. (या नळ्यांत दाब फार असतो हं, त्या स्वतः उघडायला जाऊ नका.)

दुसऱ्या दिवशी नवा कंडेन्सर बसला. पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढली, मग वजन करून गॅस भरला. निघणार तोच भाची ओरडली, "आत्या, पुन्हा गळतंय!" गाडीखाली थेंब थेंब ठिबकत होतं.

मिस्त्री हसले. "ते पाणी आहे गं बाळ, हवेतलं. एसी गार झाला ना आता!"