धंदेवाईक खेळाडू आणि युद्धसेवा

वकील साठीनंतरहि वकिली करतो, वैद्याला तर वयाबरोबर मान चढतो; धंदेवाईक खेळाडूचा धंदा मात्र बहुधा चाळिशीच्या आंतच आटोपतो. त्यांतहि पंचविशी-तिशीचीं वर्षें हेंच त्याचें खरें भांडवल. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेंतील बेसबॉलच्या खेळाडूंनीं नेमकें हेंच भांडवल खर्चीं घातलें.

बेसबॉल हा आपल्या क्रिकेटचा दूरचा आप्त. एकानें चेंडू फेकावा, दुसऱ्यानें गोल दांडक्यानें तो टोलवावा, आणि हजारों लोकांनीं तिकिटें काढून तें पाहावें. ७ डिसेंबर १९४१ रोजीं जपाननें पर्ल हार्बरवर हल्ला केल्यावर, सामने चालूं ठेवावेत कीं नाहींत, असा प्रश्न निघाला. अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं जानेवारी १९४२ मध्यें पत्रानें कळविलें कीं, राबणाऱ्या जनतेच्या विरंगुळ्यासाठीं सामने चालावेत. परंतु लष्करी वयाच्या खेळाडूंनीं सैन्यांत गेलेंच पाहिजे. युद्ध संपेपर्यंत वरिष्ठ संघांतले पांचशेंहून अधिक खेळाडू सैन्यांत गेले.

क्लीव्हलंडचा बॉब फेलर त्या वेळीं २३ वर्षांचा होता. वडील कर्करोगानें अंथरुणाला खिळलेले. त्यामुळें त्याला सूट होती. तरीहि हल्ल्यानंतर दोन दिवसांच्या आंत त्यानें आरमारांत नांव घातलें व ‘अलाबामा’ या युद्धनौकेवर विमानविरोधी तोफ सांभाळली. डेट्रॉइटच्या हँक ग्रीनबर्गची हकीकत याहून विलक्षण. वर्षाला पन्नास हजार डॉलरांच्या घरांत मिळविणारा हा गृहस्थ १९४१ च्या मे महिन्यांत सक्तीच्या भरतींत सांपडून महिना २१ डॉलरांवर शिपाई झाला. अठ्ठाविशी उलटल्यामुळें ५ डिसेंबरला त्याची सुटका झाली. दोनच दिवसांनीं हल्ला झाला, आणि तो आपण होऊन परत गेला. पुढें अमेरिकन विमानदळाबरोबर तो हिंदुस्थान-ब्रह्मदेश-चीन आघाडीवर होता. परतल्यावर ३० सप्टेंबर १९४५ रोजीं, मोसमाच्या शेवटच्या दिवशीं, त्याच्या एका टोल्यानें चार धावा होऊन डेट्रॉइटनें अमेरिकन लीगचें अजिंक्यपद मिळविलें.

सर्वांनींच तोफा डागल्या असें मात्र नव्हे. जो डिमॅजिओसारख्यांचा पुष्कळसा काळ सैनिकांच्या करमणुकीचे सामने खेळण्यांत गेला. त्याबद्दल त्यांना नांवें ठेवणें मला न्याय्य वाटत नाहीं. शिपायाला कोठें धाडावयाचें, तें वरिष्ठ ठरवितात.

फेलर, ग्रीनबर्ग, डिमॅजिओ यांची कीर्ति टिकली. ज्याचें गेलें तें गेलेंच, असा खेळाडू म्हणजे वॉशिंग्टनचा सेसिल ट्रॅव्हिस. १९४१ सालीं दर हजार संधींत ३५९ यशस्वी टोले, असें त्याचें प्रमाण पडलें. त्या लीगमध्यें त्याच्यापुढें एकटा टेड विल्यम्स ४०६ वर होता. डिमॅजिओसुद्धां ३५७ वर, म्हणजे त्याच्या मागेंच. पुढें युरोपांतल्या १९४४-४५ च्या हिंवाळ्यांत ट्रॅव्हिसचे पाय थंडीनें गोठले. परत आल्यावर १९४६ सालीं तेंच प्रमाण २५२ वर घसरलें, आणि १९४७ नंतर त्यानें खेळ सोडला. आपला खेळ बिघडला तो पायांमुळें नव्हे, सराव तुटल्यामुळें, असें तो सांगे. त्यानें कोणाला दोष दिला नाहीं.

वरिष्ठ श्रेणींत खेळलेले दोघे या युद्धांत कामास आले. एल्मर गेडिअन एप्रिल १९४४ मध्यें फ्रान्सवर विमान चालवीत असतां मारला गेला, आणि हॅरी ओनील मार्च १९४५ मध्यें इवो जिमा बेटावर पडला. गेडिअनच्या नांवावर पांच सामने आहेत. ओनीलच्या नांवावर १९३९ मधील एकच सामना आहे, आणि त्यांत फलंदाजीची पाळी त्याच्यावर आलीच नव्हती.