विजेचा तिठा

तीन तारा जिथे एकत्र येतात त्या जागेला इंजिनियर मंडळी ‘नोड’ म्हणतात. मराठीच्या मास्तराला विचाराल, तर तो ‘तिठा’ म्हणेल! या तिठ्यावर वीज मुक्काम करीत नाही. जितकी आली तितकी निघून जाते. हा नियम १८४५ साली क्योनिग्सबर्गच्या गुस्टाव किर्खोफने मांडला. तेव्हा तो अवघ्या २१ वर्षांचा विद्यार्थी होता.

समजा, १२ व्होल्टची बॅटरी २ ओहमच्या वाटेने तिठ्याला जोडली आहे. तिथून ३ आणि ६ ओहमच्या दोन वाटा बॅटरीच्या दुसऱ्या टोकाकडे परततात. तीन वाटांचे तीन प्रवाह शोधायचे म्हणून घरोघरची मुले तीन समीकरणांत गुरफटून बसतात. वास्तविक प्रवाहांची चौकशी आधी करूच नये. तिठ्याचा दाब तेवढा विचारावा. परतीचे टोक शून्य धरा, तिठ्याचा दाब ‘द’ माना. येणारा प्रवाह १२ वजा द, भागिले २. जाणारे दोन : द भागिले ३ आणि द भागिले ६, त्यांची बेरीज द भागिले २. म्हणजे द झाला ६ व्होल्ट! आले ३ अँपिअर, गेले २ आणि १.

तिठे वाढले की समीकरणे वाढतात, एवढेच. १९७३ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात तयार झालेल्या ‘स्पाइस’ या संगणक-प्रणालीलाही हीच रीत शिकवलेली होती.