जुन्या पिकअपच्या केबिनमधला आवाज कसा कमी केला: मोबाईल, रबर आणि आईचं लाटणं

आमच्या बाबांचा फोन आला की शेजाऱ्यांनाही कळतं, कारण ते बोलत नाहीत, ओरडतात. त्यांच्याकडे 2009 ची डिझेल पिकअप आहे. नारायणगावला टोमॅटोचे क्रेट भरायचे, आळेफाटा, माळशेज, मुरबाड, कल्याण करत पहाटेच्या आत वाशी गाठायची आणि रिकामी गाडी घेऊन परत यायचं. जाऊन-येऊन आठ-नऊ तास. गेल्या दोन वर्षांत घरच्या टीव्हीचा आवाज 18 वरून 34 वर गेलाय. आई म्हणायची, वय झालं. मला तसं वाटत नव्हतं. बाबा फक्त 49 वर्षांचे आहेत.

म्हणून एका रात्री मी त्यांच्यासोबत गेलो आणि मोबाईलवर साउंड मीटर ॲप चालू केलं. काचा बंद, वेग 60, आकडा 87 डेसिबल.

87 म्हणजे किती?

डेसिबलचं गणित आपल्या नेहमीच्या बेरजेसारखं नाही. 3 डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेची शिफारस अशी आहे की 85 डेसिबलमध्ये माणसानं दिवसाला जास्तीत जास्त 8 तास राहावं, आणि पुढे दर 3 डेसिबलला हा वेळ निम्मा करावा. म्हणजे 88 ला 4 तास, 91 ला 2 तास. 87 ला साधारण 5 तास निघतात. आपल्याकडे कारखान्यांच्या नियमांत 8 तासांसाठी 90 ची मर्यादा आहे, पण पिकअप काही कारखाना नाही. तिथे मोजायला कोण येणार?

आता मोबाईलच्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा? फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, त्यामुळे खरा आकडा दोन-चारने इकडे-तिकडे असू शकतो. पण फोन तोच, रस्ता तोच, वेग तोच आणि फोन धरायची जागा तीच ठेवली, तर आधीचा आणि नंतरचा फरक बऱ्यापैकी बरोबर येतो. ॲपमध्ये डीबीए निवडा, सर्वात मोठा आकडा न बघता दोन मिनिटांची सरासरी घ्या, आणि फोन शेजारी बसलेल्यानंच धरा. गाडी चालवणाऱ्यानं नाही.

आवाज येतो कुठून?

इथे दुसरं ॲप कामाला आलं. जर्मनीतल्या आखेन शहरातल्या विद्यापीठानं बनवलेलं ‘फायफॉक्स’ मोफत आहे. त्यातला ऑडिओ स्पेक्ट्रम उघडला की कोणत्या फ्रिक्वेन्सीचा आवाज जास्त आहे ते टेकड्यांसारखं दिसतं. आमच्या गाडीत सर्वात मोठी टेकडी 80 हर्ट्झला होती. चार सिलेंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट होतात. 80 भागिले 2 म्हणजे सेकंदाला 40 फेरे, मिनिटाला 2400. आमच्या डॅशबोर्डवर आरपीएमचा काटाच नाही, पण फोननं तो सांगितला! म्हणजे ही टेकडी इंजिनाची. बाकी उंच फ्रिक्वेन्सीकडे पसरलेला सगळा कचरा म्हणजे वारा, टायर आणि फटी.

ही विभागणी कळली की पैसे वाचतात. 80 हर्ट्झच्या आवाजाची लांबी सव्वाचार मीटर असते. त्याला दोन सेंटीमीटरचा फोम काय अडवणार? अंड्याचे ट्रे आणि थर्माकोल चिकटवायचे व्हिडिओ बघत असाल तर तेवढ्यावर सोडून द्या.

आधी दुरुस्ती, मग शीट

ही पायरी लोक गाळतात. गाडी ओरडते तेव्हा काही वेळा ती काहीतरी सांगत असते. आमच्या मिस्त्रींनी बघितलं तर इंजिन फाउंडेशनचं एक रबर फाटलेलं होतं आणि सायलेन्सरच्या जोडाला गळती होती. ही गळती नुसती कटकट नाही. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही, आणि तो केबिनमध्ये शिरला तर ड्रायव्हरला झोप आल्यासारखं वाटतं. त्यावर शीट चिकटवून आवाज दाबला असता तर? विचार करूनच अंगावर काटा येतो. दोन्ही कामं झाली आणि आकडा 86 वर आला.

मग फटी. भिंत कितीही भारी असली तरी तिचा 1 टक्का भाग उघडा असेल तर ती 20 डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवू शकत नाही. फटी शोधायला रात्री अंधारात बॉनेट उघडलं. भावानं इंजिनाच्या बाजूनं मोबाईलचा टॉर्च फिरवला, मी आत पायांजवळ डोकं घालून पडलो. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून चार ठिकाणी उजेड आला. वायरींची आणि क्लच केबलची ग्रोमेट कडक होऊन तुटली होती, गिअर लिव्हरचं रबरी बूट तर चाळणीच झालं होतं. दारांसाठी दहाची नोट वापरली. नोट दारात अडकवून ओढायची, सहज निघून आली तर तिथलं रबर मेलं. आमच्याकडे दोन्ही दारांना वरच्या कोपऱ्यात ती अलगद निघत होती. दारांची नवी रबरं, ग्रोमेट आणि बूट मिळून बाराशे रुपये लागले. आकडा 84. सगळ्यात स्वस्त कामानं सगळ्यात चांगला भाव दिला.

यानंतर पत्रा. वाजणाऱ्या थाळीवर बोट ठेवलं की ती गप्प होते, डॅम्पिंग शीट तेच करते. ब्युटाइल रबराचा चिकट थर आणि वर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, अशी ती असते. पत्रा थरथरला की रबर ताणलं जातं आणि कंपनाची ऊर्जा किंचित उष्णतेत बदलते. पूर्ण पत्रा झाकायची गरज नाही. ठोकून बघा. ‘ठण्ण’ वाजेल त्या मोठ्या सपाट भागाच्या मधोमध, पाव ते एक तृतीयांश जागेवर शीट लावली तरी बराचसा फायदा मिळतो. गळक्या छताला लावतात ती डांबरी शीट स्वस्त पडते, पण उन्हात वास मारते आणि सुटून खाली घसरते.

सीट आणि मॅट काढली, गंज घासला, रंग लावून वाळू दिला, थिनरनं पुसलं आणि शीट दाबून बसवली. दाबायला रोलर हवा असतो. मी घरातलं लाटणं नेलं. त्यावर आईचं म्हणणं इथे लिहिता येणार नाही, नवं लाटणं आणून दिलंय. दारांच्या आत खाली पाणी जायची भोकं असतात, ती चुकूनही बुजवू नका, नाहीतर दार आतून सडेल. जमिनीवर शीटच्या वर बंद छिद्रांचा फोम आणि त्यावर जड रबरी मॅट टाकली. जड यासाठी की वजन दुप्पट केलं की आवाज अडवण्याची ताकद साधारण 6 डेसिबलनं वाढते. गोणपाट किंवा जुनी सतरंजी घालू नका, पावसात ती पाणी धरून ठेवते. शीट, फोम, मॅट मिळून साडेतीन हजार झाले.

शेवटचा आकडा 82.

बाबा म्हणाले, “एवढं करून पाचच?” मी म्हटलं, बाबा, पाच म्हणजे ऊर्जा एक तृतीयांशाच्याही खाली आली, आणि त्या हिशोबानं 5 तासांचे 16 तास झाले. त्यांना हे गणित पटलं नाही. पटलं ते वेगळंच. मॅटमुळे इंजिनाची धग पायांना लागेना, म्हणून ते रात्री काच बंद ठेवायला लागले. काच उघडी असताना माझा फोन 90 दाखवतो, मग आत काहीही चिकटवा. दुपारी मात्र एसी नसलेल्या गाडीत काच उघडावीच लागते, त्यावर माझ्याकडे उपाय नाही. कानात बोळे घालून गाडी चालवणं हा उपाय नव्हे, हॉर्न आणि ॲम्ब्युलन्स ऐकू यायलाच हवी.

मधल्या काळात बाबांची ऑडिओमेट्री करून घेतली. आलेख 4000 हर्ट्झला खाली गेलाय, आवाजानं झालेलं नुकसान बहुतेक तिथूनच सुरू होतं. उजवा कान, म्हणजे काचेकडचा, जास्त गेलाय. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, आहे ते सांभाळा. दर वर्षी तपासायला सांगितलंय.

आता फक्त टप राहिलाय. माळशेजच्या पावसात तो ताशासारखा वाजतो. दोन शीट उरल्यात, जूनच्या आधी लावायच्या आहेत.