सिझेरियननंतरचें बाळंतपण : कळा आणविण्यापूर्वींची तयारी

पहिलें बाळंतपण माहेरीं आणि दुसरें सासरीं, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. या रीतीमुळें पहिलटकरणीला आईच्या हातची काळजी मिळते, हें खरेंच; परंतु तींतून एक अडचणहि उत्पन्न होते आणि तिचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. पहिल्या खेपेस पोट उघडून मूल काढावें लागलें असेल, तर त्या शस्त्रक्रियेचा कागद माहेरच्या गांवींच राहतो. दुसऱ्या खेपेस ती स्त्री सासरच्या डॉक्टरांपुढें जाते, तेव्हां तिच्यापाशीं पोटावरील व्रणाखेरीज दुसरा कोणताच पुरावा नसतो. आजच्या भाषणाचा विषय अशा स्त्रीसंबंधींचा आहे. दिवस भरले आहेत, कळा आपण होऊन येत नाहींत, आणि डॉक्टर म्हणतात कीं, आतां कळा आणवाव्या लागतील. अशा वेळीं तिनें व तिच्या घरच्या माणसांनीं कोणती तयारी करावी, हें आपण क्रमानें पाहूं.

हा प्रश्न थोड्या घरांपुरता राहिलेला नाहीं. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांत महाराष्ट्रांतील दर शंभर जन्मांपैकीं पंचवीसांहून किंचित् अधिक जन्म सिझेरियन शस्त्रक्रियेनें झाल्याचें आढळून आलें. म्हणजे ज्या गांवांत शंभर लेंकुरवाळ्या स्त्रिया आहेत, तेथें पुढील खेपेस हा विचार करण्याची पाळी अनेकींवर येणार.

"एकदां सिझेरियन, म्हणजे नेहमींच सिझेरियन" असें वचन आपण ऐकतों. तें न्यूयॉर्क येथील डॉ. एडविन क्रॅगिन यांनीं १९१६ सालीं उच्चारिलें. त्या काळीं तें योग्यहि होतें. तेव्हां गर्भाशयाच्या वरच्या, जाड स्नायूंच्या भागावर उभा छेद घेत असत. कळ येते तेव्हां हाच भाग जोरानें आवळला जातो; त्यामुळें तेथील जुन्या व्रणावर प्रत्येक कळेचा ताण बसे व तो उकलण्याची भीति फार असे. पुढें ग्लासगो येथील डॉ. मन्रो केर यांनीं १९२० नंतरच्या दशकांत गर्भाशयाच्या खालच्या पातळ भागावर आडवा छेद घेण्याची पद्धति पुरस्कारिली. हा भाग कळांमध्यें आवळत नाहीं, तर ताणला जातो. तेथील व्रणहि चांगला भरून येतो. आज बहुतेक ठिकाणीं हीच शस्त्रक्रिया होते. म्हणूनच १९८० सालीं अमेरिकेंतील राष्ट्रीय आरोग्य संस्थांनीं भरविलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेनें असा निर्णय दिला कीं, योग्य स्त्रीच्या बाबतींत सिझेरियननंतर नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करण्यास हरकत नाहीं.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत धरावी. पोटाच्या कातडीवरील व्रण आडवा असला, म्हणजे आंतील गर्भाशयावरील छेदहि आडवाच असेल, असें मुळींच नाहीं. बाहेरून पाहून कोणत्याहि डॉक्टरास तें सांगतां येणार नाहीं. तें सांगतो तो पहिल्या शस्त्रक्रियेचा कागद. छेद कोठें व कसा घेतला, शस्त्रक्रिया कां करावी लागली, छेद पुढें फाटला होता काय, नंतर ताप किंवा व्रणांत पू झाला होता काय, या चार गोष्टी त्यांत असतात. म्हणून तयारीचें पहिलें काम हें कीं, सातवा महिना लागतांच माहेरीं निरोप धाडून तो कागद मागवावा. हरवला असेल, तर ज्या रुग्णालयांत शस्त्रक्रिया झाली तेथें जाऊन नक्कल मागावी. हें काम नवऱ्यानें किंवा दिरानें करावें. भरल्या दिवसांच्या बाईनें हेलपाटे घालण्याचें तें काम नव्हे.

आतां लाभहानीचा हिशेब. ज्या स्त्रियांची एकच शस्त्रक्रिया झालेली आहे व छेद खालचा आडवा आहे, त्यांनीं प्रयत्न केला असतां शंभरांतील सुमारें बहात्तर ते पंचाहत्तर जणींची प्रसूति सुखरूप खालून होते. जिला पूर्वीं एकदां तरी नैसर्गिक प्रसूति झालेली आहे, तिला यशाची आशा याहूनहि अधिक. भीति असते ती व्रण उकलण्याची. अमेरिकेंतील १९ अध्यापन-रुग्णालयांत झालेल्या व २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासांत असें दिसलें कीं, कळा आपण होऊन आल्या तेव्हां हजारांतील सुमारें चौघींचा व्रण उकलला, आणि कळा आणविल्या तेव्हां सुमारें दहाजणींचा. याचा अर्थ, हजारांतील नऊशें नव्वद जणींस तो धोका झाला नाहीं. परंतु ज्या दहाजणींस झाला, त्यांच्या बाबतींत माता व मूल या दोघांचेहि प्राण कांहीं मिनिटांवर येऊन ठेपतात. हे दोन्ही आंकडे एकदम डोळ्यांपुढें ठेवावे. पहिलाच पाहिला तर माणूस गाफील राहतो, दुसराच पाहिला तर उगाच घाबरतो.

दुसरीकडे, पुन्हां सिझेरियन करणें हाहि अगदीं निर्वेध मार्ग नव्हे. प्रत्येक शस्त्रक्रियेबरोबर पोटांत आंतडीं व मूत्राशय चिकटण्याचा संभव वाढतो, आणि पुढील खेपेस वार जुन्या व्रणांत रुतून बसण्याचें भयहि वाढतें. तशी वार सुटत नाहीं व रक्तस्राव आवरणें कठीण जातें. ज्या स्त्रीला आणखी मूल हवें आहे, तिनें हें विशेषेंकरून विचारांत घ्यावें.

कळा आणविण्याच्या रीति अनेक आहेत, आणि व्रण असलेल्या गर्भाशयाला त्या सर्व सारख्या मानवत नाहींत. डॉक्टर प्रथम तपासून गर्भाशयाचें मुख मऊ झालें आहे कीं नाहीं तें पाहतात. मुख थोडें उघडलें असेल, तर बोट फिरवून पडदा सैल करतात. त्यानें कित्येकींना एक-दोन दिवसांत आपोआप कळा सुरू होतात. मुख मिटलेलें असेल, तर रबरी नळीच्या टोंकाशीं असलेला लहान फुगा आंत ठेवून त्यांत पाणी भरतात. त्याच्या दाबानें मुख हळूहळू उघडतें. यांत औषध नसल्यामुळें ही रीति व्रण असलेल्या स्त्रीस त्यांतल्या त्यांत सौम्य मानतात. मुख उघडल्यावर पाणमोट फोडतात, आणि जरूर पडल्यास ऑक्सिटोसिन हें औषध सलाईनमधून थेंबथेंब, मोजून देतात. गर्भाशयाचें मुख पिकविणारीं जीं प्रोस्टाग्लँडिन वर्गाचीं औषधें आहेत, त्यांच्या बाबतींत मात्र फार सावध राहावें लागतें. अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्यांतील २००१ सालच्या अभ्यासांत अशीं औषधें दिलेल्या स्त्रियांमध्यें व्रण उकलण्याचें प्रमाण हजारांत चोवीसांच्या वर गेलें होतें. त्यांपैकीं मिसोप्रोस्टॉलची गोळी तर दिवस भरलेल्या व पूर्वीं सिझेरियन झालेल्या स्त्रीस कळा आणण्यासाठीं देऊंच नये, असें शास्त्र सांगतें.

यावरून एक इशारा स्पष्ट शब्दांत देणें अवश्य आहे. कळा याव्यात म्हणून घरीं एरंडेल पाजणें, कोणाच्या सांगण्यावरून दुकानांतून गोळी आणणें, अथवा कोणाकडून तरी घरींच कळांची सुई टोंचून घेणें, हें व्रण असलेल्या स्त्रीच्या बाबतींत जिवाशीं खेळणें आहे. सुईनें गेलेलें औषध परत घेतां येत नाहीं. सलाईनचा थेंब मात्र तत्काळ बंद करतां येतो.

कोणी हा प्रयत्न करूं नये, तेंहि सांगतों. जिच्या गर्भाशयावर उभा, वरचा छेद आहे. जिचें गर्भाशय पूर्वीं एकदां फाटलें आहे. जिची वार मुखावर आली आहे. जिचें मूल आडवें आहे. तिनें ठरविलेल्या दिवशीं शस्त्रक्रियाच करून घ्यावी. दोन प्रसूतींमध्यें अठरा महिन्यांहून कमी अंतर असेल, मूल फार मोठें असेल, किंवा दोन शस्त्रक्रिया झाल्या असतील, तर धोका वाढतो अगर यशाची आशा घटते. तेथें तज्ज्ञाचाच सल्ला घ्यावा.

यानंतर स्थळाचा विचार. अहिल्यानगर जिल्हा, ज्याचें नांव २०२४ पर्यंत अहमदनगर असें होतें, हा क्षेत्रफळानें महाराष्ट्रांतील सर्वांत मोठा जिल्हा आहे. चौदा तालुके आणि १७,०४८ चौरस किलोमीटर एवढा त्याचा विस्तार. पश्चिमेस कळसूबाईच्या पायथ्याच्या अकोल्यापासून पूर्वेस जामखेडपर्यंत वाट लांबची आहे. या जामखेडास डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें १९७० सालीं ग्रामीण आरोग्याचें जें काम उभें केलें, व ज्याबद्दल त्यांना १९७९ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें, त्या कामाचा कणा खेड्यांतल्या साध्या, पुष्कळशा निरक्षर स्त्रिया होत्या. कोणती गर्भिणी गांवांत ठेवण्याजोगी आणि कोणती वेळींच मोठ्या रुग्णालयांत धाडण्याजोगी, हें ओळखण्यास त्या शिकल्या. ज्या गर्भिणीच्या पोटावर शस्त्रक्रियेचा व्रण आहे, ती या दुसऱ्या प्रकारची, हें प्रत्येक घरानें शिकण्यासारखें आहे.

मोठें रुग्णालय म्हणजे मोठी इमारत नव्हे. जेथें रात्रीं दोन वाजतांहि शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर, भूल देणारे डॉक्टर व बालकांचे डॉक्टर हजर असतात, जेथें रक्त तयार मिळतें, आणि जेथें कळा चालू असतांना मुलाच्या हृदयाचे ठोके सतत पाहिले जातात, तेंच या कामाचें स्थळ होय. उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र तपासणीसाठीं उत्तम, परंतु या प्रसूतीसाठीं नव्हे. म्हणून आठव्या महिन्यांतच जाऊन सरळ विचारावें : "येथें रात्रीं भूल देणारे डॉक्टर असतात काय? रक्त कोठून येतें? पूर्वीं सिझेरियन झालेल्या बायकांच्या कळा येथें आणवितात काय?" असें विचारण्यांत उद्धटपणा नाहीं. उत्तर समाधानकारक नसेल, तर दुसरें ठिकाण पाहण्यास तेव्हां वेळ असतो. कळा सुरू झाल्यावर नसतो.

पाथर्डी, शेवगांव या बाजूंचीं कुटुंबें दिवाळीनंतर ऊसतोडीसाठीं परमुलखांत जातात. त्यांच्यांतील गर्भिणीची अडचण दुहेरी असते. जुना कागद गांवीं, आणि मुक्काम कारखान्याच्या फडावर. अशा स्त्रीनें शस्त्रक्रियेचा कागद, रक्तगट आणि माता व बाल संरक्षण कार्ड हीं तीन कागदपत्रें प्लास्टिकच्या पिशवींत बरोबर ठेवावीं, आणि शेवटचा महिना तरी मोठ्या रुग्णालयाच्या जवळपास काढावा. मुकादमाची उचल अंगावर आहे म्हणून दिवस भरेपर्यंत फडावर थांबणें, हा सौदा फार महाग पडूं शकतो.

खर्चाच्या धास्तीनेंहि कित्येक घरें उशीर करतात. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखालीं सरकारी रुग्णालयांत प्रसूति, सिझेरियन, औषधें, तपासण्या, रक्त, जेवण आणि जाण्यायेण्याचें वाहन विनामूल्य आहे. दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी आरोग्य संस्थांत गर्भिणींची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. ही व्यवस्था २०१६ सालापासूनची आहे. गांवच्या आशा सेविकेस याची माहिती असते. अडल्या वेळीं १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

घरची तयारी साधी आहे. शेवटच्या पाळीची तारीख व पहिल्या महिन्यांतील सोनोग्राफी जपून ठेवावी. कारण दिवस खरोखर भरले आहेत कीं हिशेब चुकला आहे, हें त्यावरूनच कळतें. चुकीच्या हिशेबावर कळा आणविल्या, तर मूल कच्चें जन्मतें आणि कळाहि नीट येत नाहींत. रक्त कमी असेल तर लोहाच्या गोळ्या नियमानें घेऊन तें आधींच भरून काढावें. रक्त देऊं शकतील अशा दोन धडधाकट नातलगांस आधींच सांगून ठेवावें. कळा आणवितांना एक दिवस, क्वचित् दोन दिवसहि लागतात. म्हणून धीराची अशी एक बाई सोबतीस असावी. "अजून कसें झालें नाहीं?" असें घटकेघटकेला विचारणारी सोबत नको.

कळा सुरू झाल्यावर स्त्रीनें आपलें शरीर काय सांगतें तें लपवूं नये. दोन कळांच्या मध्यें पोट ढिलें व्हावयास हवें. तसें न होतां व्रणाच्या जागीं सारखें दुखत राहिलें, अंगावरून रक्त जाऊं लागलें, चालू कळा एकाएकीं थांबल्या, घेरी आली किंवा मूल वर सरकल्यासारखें वाटलें, तर तत्काळ सांगावें. मुलाच्या ठोक्यांत बिघाड होणें ही तर बहुधा पहिलीच खूण असते, आणि म्हणूनच तें यंत्र पोटावर बांधतात. त्याचा कंटाळा करूं नये.

शेवटीं संमतीची गोष्ट. कागदावर अंगठा किंवा सही घेण्यापूर्वीं डॉक्टरांनीं दोन्ही मार्ग समजावून सांगावे, आणि निवड त्या स्त्रीनें करावी. सासूबाईंनीं किंवा यजमानांनीं तिच्या वतीनें ती उरकून टाकूं नये. तिनें प्रयत्न केला आणि अखेरीस शस्त्रक्रियाच करावी लागली, तर तें तिचें अपयश नव्हे. तयारी होती म्हणूनच ती शस्त्रक्रिया वेळेवर झाली. मूल खालून येवो वा पोटांतून, दोघेंहि सुखरूप घरीं यावींत एवढाच या सर्व खटाटोपाचा हेतु. आणि घरीं येतांना या खेपेचा कागद मात्र विसरूं नये. पुढील खेपेस पहिला प्रश्न त्याचाच येणार आहे.