भरतीचे गणित आणि किनाऱ्याची वाट

साताऱ्याला समुद्र नाही, पण तो फार लांबही नाही. उंब्रजला वळून मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर करीत कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण, आणि तेथून सुमारे ४५ किलोमीटरवर गुहागर. त्यामुळे ‘किनाऱ्याकिनाऱ्याने फिरून येऊ’ असे कोणी म्हटले की आम्ही नकाशा पसरतो, अंतर मोजतो, त्याला ताशी वेगाने भागतो आणि सहल ठरली असे समजतो. गेल्या वर्षी आम्ही पाच मित्रांनी नेमके हेच केले. दापोलीहून हर्णै, मुरूड बघत रमतगमत दाभोळला पोहोचलो, तो शेवटची फेरीबोट सुटून गेलेली! खाडीपलीकडे धोपाव्याचे दिवे लुकलुकत होते. बोटीची वेळ आधी विचारून ठेवावी, हे पाचांपैकी एकालाही सुचले नव्हते. शेवटी उलटे फिरून खेड, चिपळूण असा वळसा घातला. गुहागरला टेकलो तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते.

ही फजिती का झाली, याचा विचार करताना एक मौजेची गोष्ट ध्यानात आली. आमची वाट अडवणारे पाणी आमच्याच जिल्ह्यातून गेले होते. कोयना खरे तर पूर्ववाहिनी. पण धरणात अडवलेले तिचे बरेचसे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे सोडतात, वीज करून ते वाशिष्ठीला मिळते आणि वाशिष्ठी दाभोळला समुद्रात जाते. सावित्रीचेही तसेच. जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा आणि सावित्री एकाच ठिकाणी उगम पावतात असे मानतात. कृष्णा सुमारे १४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री मात्र सह्याद्रीवरून कोसळते ती थोडक्या अंतरातच बाणकोटला पोहोचते.

कोकणातल्या नद्या अशाच आखूड आणि उताराच्या. मुखाशी त्यांच्या दऱ्यांत समुद्र शिरलेला असतो. त्यालाच आपण खाडी म्हणतो. १९८०-८२ या काळात मुख्यमंत्री असलेल्या बॅ. अ. र. अंतुले यांनी रेवस ते रेडी अशा सागरी मार्गाचा ध्यास घेतला होता. रस्ता पुष्कळसा झाला, पण मोठ्या खाड्यांवरचे पूल वर्षानुवर्षे रेंगाळत राहिले. म्हणून बाणकोट, दाभोळ, जयगड या खाड्या ओलांडायला मोटारीसकट नेणारी फेरीबोट गाठावी लागते. तिकडचे लोक तिला ‘जंगल जेटी’ म्हणतात. ती चुकली की नकाशावरचे बोटभर अंतर अर्धा दिवस खाते.

यंदा मात्र चूक परवडणार नाही, कारण यंदा आजी बरोबर आहे. तिचे माहेर हेदवीचे. वय ८१, वीस वर्षांत तिकडे जाणे झालेले नाही आणि गाडीत तीन तासांच्या वर तिला बसवत नाही. मी वहीत किलोमीटरचा तक्ता करीत बसलो होतो, तो तिने चष्मा लावून वाचला आणि म्हणाली, “किलोमीटर कसले मोजतोस? आधी तिथी बघ.”

मग तिने मला जे गणित शिकवले ते भूगोलाच्या पुस्तकात मला कधी भेटले नव्हते. तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल तितक्या वाजता साधारण पूर्ण भरती. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. यामागचे कारण सोपे आहे : चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा येतो, तशी भरतीही उशिरा येते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. ठोकताळाच तो, अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडायचाच. पण सहलीला पुरतो.

हेदवीत याचा उपयोग लगेच कळतो. उमामहेश्वराच्या देवळाजवळ कातळात एक अरुंद चीर आहे, बामणघळ. भरतीला लाट त्या चिरेत कोंडते आणि उंच उसळते. ओहोटीला गेलात तर नुसता खडक पाहून परत याल. (उसळते तेव्हाही लांबूनच बघावे, तो कातळ निसरडा आहे.) म्हणून आम्ही मार्गशीर्ष शुद्ध त्रयोदशी धरली आहे. तेराची पाऊणपट पावणेदहा, म्हणजे उजेडही आणि उधाणाचे दिवसही. द्वादशीला सकाळी सातारा सोडायचा, कोयनानगरला आणि चिपळूणला आजीसाठी थांबायचे, मुक्काम गुहागरला. त्रयोदशीला वेळणेश्वरावरून हेदवी.

पुढे तवसाळला बोटीत बसून जयगड. बोटीची वेळ आदल्या दिवशी फोन करून विचारणे, हे काम माझ्याकडे. मग मालगुंड. केशवसुतांचे हे जन्मगाव मराठीच्या विद्यार्थ्याने टाळू नये. गणपतीपुळ्याला जाताना संकष्टी नाही ना, एवढे पाहावे. त्या दिवशी गर्दीत देव दिसतो, गाव दिसत नाही. आरे-वारेच्या रस्त्याला मी मुद्दाम घाई ठेवलेली नाही. रत्नागिरीत थिबा राजवाडा : ब्रह्मदेशाचा हा राजा १८८५ मध्ये पदच्युत झाला, १९१० मध्ये हा वाडा पुरा झाला आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. मायदेशी परत जाणे त्याच्या नशिबी नव्हते. परतताना आंबा घाट चढून मलकापूर, कोकरूड, कऱ्हाड. सांगली जिल्ह्याचा शिराळा तालुका त्या निमित्ताने पाहून होईल.

हा सगळा बेत आजीला वाचून दाखवला. बामणघळ तिने पुष्कळ पाहिली आहे, तिचे तिला काही नाही. जुने घर आता दुसऱ्यांकडे आहे, तिथे जायचे नाही म्हणाली. फक्त घराकडे जाणाऱ्या पाखाडीच्या तोंडाशी गाडी थोडी थांबव. भिंतीवरच्या कालनिर्णयात त्रयोदशीभोवती तिने पेन्सिलीने गोल केला आहे, आणि शेजारी बारीक अक्षरात ‘पावणेदहा’.