अस्थिभंग भरून येण्याचे ध्वनिक निरीक्षण

मोडलेल्या हाडातून जाणाऱ्या ध्वनीवरून किंवा हाडाच्या कंपनांवरून ते कितपत सांधले आहे, हे ठरवण्याच्या पद्धतींना अस्थिभंगाचे ध्वनिक निरीक्षण म्हणतात. क्ष-किरण चित्रात भंगस्थानी साठलेले खनिज दिसते. हाडाची बळकटी त्यातून थेट मोजता येत नाही. ही उणीव भरून काढणे हा या पद्धतींचा हेतू आहे.

तत्त्व

घट्ट हाडात ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३,५०० ते ४,००० मीटर, तर मऊ ऊतींमध्ये सुमारे १,५४० मीटर असतो. भंगाच्या फटीत आधी रक्ताची गुठळी, मग मऊ आणि त्यानंतर कठीण सांधक ऊतक (कॅलस) तयार होते. सुरुवातीला फटीपाशी ध्वनी मंदावतो व क्षीण होतो. खनिज साठत जाते तसा त्याचा वेग वाढतो.

पद्धती

* ठोका व श्रवण: हाडाच्या एका टोकाशी ठोका देऊन किंवा कंप पावणारा नादकाटा टेकवून दुसऱ्या टोकाशी स्टेथोस्कोपने ध्वनी ऐकतात व निरोगी अवयवाशी तुलना करतात. आर. के. लिपमन यांनी १९३२ मध्ये अस्थिभंगाच्या तपासणीसाठी ठोका व श्रवणाचा उपयोग वर्णिला.
* कंपन विश्लेषण: हाड ताठर होत जाते तशी त्याची नैसर्गिक वारंवारता वाढते.
* श्राव्यातीत ध्वनी: भंगाच्या दोन्ही बाजूंना प्रेषक व ग्राहक ठेवून ध्वनीला लागणारा वेळ मोजतात.

उपचारापासून वेगळेपण

कमी तीव्रतेच्या श्राव्यातीत ध्वनीने हाड लवकर जुळवण्याच्या उपचाराला अमेरिकेत १९९४ मध्ये मान्यता मिळाली. मात्र नडगीच्या अस्थिभंगाच्या ५०१ रुग्णांवरील, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याचा लाभ आढळला नाही. निरीक्षणात ध्वनी केवळ मोजमापासाठी वापरला जातो.

महत्त्व व मर्यादा

पायावर भार केव्हा द्यावा, हा रुग्णापुढील मुख्य प्रश्न असतो. घाई केल्यास हाड पुन्हा मोडू शकते. विलंब झाल्यास स्नायू क्षीण होतात आणि शेतकरी वा मजुराची रोजी बुडते. हिंगोली जिल्ह्यातील वसमतसारख्या शेतीप्रधान तालुक्यात सोपी, किरणोत्सर्गविरहित तपासणी त्यामुळे उपयुक्त ठरू शकते. तथापि धातूच्या पट्ट्या व सळया, तसेच स्नायू व चरबीचा थर यांमुळे मोजमाप बिघडते. नादकाट्याच्या चाचणीचे निष्कर्ष विविध अभ्यासांत एकसारखे नाहीत. म्हणून या पद्धती क्ष-किरण चित्र व शारीरिक तपासणीला पूरक मानल्या जातात, पर्याय नव्हे.